परदेशात बँक खातं काढायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून नेहमी येणारे प्रश्न

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन-तीन जण घरी येतात. कुणाचा मुलगा शारजाला चाललेला असतो, कुणाची मुलगी जर्मनीला, कुणी कारवारकडचा जहाजावर, तर कुणी वीस वर्षं मस्कतला काढून आता गावी घर बांधत असतो. प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. तुमच्या रकमेचा आणि तुमच्या वर्षाचा हिशोब मात्र सीएकडूनच करून घ्या.

परदेशात खातं काढणं हा गुन्हा आहे का?

नाही. हा समज जुन्या कायद्यातून आला. १९७३ च्या 'फेरा' कायद्यात परकीय चलन बाळगणं खरोखरच धोक्याचं होतं. त्याच्या जागी आलेला १९९९ चा 'फेमा' कायदा १ जून २००० पासून लागू आहे, आणि त्यात परदेशातल्या खात्याला रीतसर वाट दिलेली आहे. जो माणूस तिथे राहून कमावतो त्याला तिथे खातं ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. इथे राहणाऱ्यालाही ठरावीक मर्यादेत खातं काढता येतं. गुन्हा होतो तो खातं लपवण्याने, आणि पैसा आडमार्गाने नेण्या-आणण्याने.

'ऑफशोअर' खातं म्हणजे नेमकं काय?

तुम्ही ज्या देशात राहता त्याच्या बाहेरच्या देशातलं खातं, एवढाच त्याचा अर्थ. दुबईत नोकरी करणाऱ्याचं दुबईतलं खातं त्याच्यासाठी स्थानिकच. त्याच माणसाने इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावर किंवा सिंगापूरला खातं काढलं तर ते ऑफशोअर. आपल्याकडून बाहेर गेलेल्या शंभरातल्या नव्वद जणांना त्याची गरज नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. राहत्या देशातलं एक खातं आणि भारतातलं एक एनआरई खातं (अनिवासी माणसाने बाहेरची कमाई ठेवायचं) एवढ्यावर त्यांचं भागतं.

मी 'एनआरआय' केव्हापासून?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोन कायदे दोन वेगळी उत्तरं देतात.

फेमाच्या दृष्टीने तुम्ही नोकरी, धंदा किंवा अनिश्चित काळासाठी बाहेर गेलात, की निघालात त्या दिवसापासून अनिवासी. शिकायला गेलेल्या मुलांनाही रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासी मानते. प्राप्तिकराचा कायदा मात्र दिवस मोजतो. नोकरीसाठी बाहेर पडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त भारतात राहिला असेल, तर त्या वर्षापुरता तो निवासीच.

एक उदाहरण घ्या. निपाणीचा एक जण १५ नोव्हेंबरला अबुधाबीला गेला. फेमाप्रमाणे तो १५ नोव्हेंबरलाच अनिवासी झाला. एप्रिल ते नोव्हेंबर तो इथेच होता, म्हणून करासाठी ते अख्खं वर्ष तो निवासी. मग नोव्हेंबर ते मार्चचा अबुधाबीचा पगार भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, आणि तिथे काढलेलं नवं खातंही. 'तिकडे कर नाही, म्हणून इकडेही नाही' असं धरून चालणाऱ्यांना दोन-तीन वर्षांनी नोटीस येते. जाण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर सप्टेंबर संपायच्या आत निघणं आणि सप्टेंबरनंतर निघणं यात केवढा फरक पडतो, हे तिकीट काढण्याआधी सीएला विचारा.

आणखी एक. आखातात वैयक्तिक पगारावर कर नाही. ज्या भारतीय नागरिकाला कुठेच कर लागत नाही आणि ज्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे, त्याला २०२०-२१ पासून भारताचा 'मानीव निवासी' धरतात. त्याच्या तिकडच्या पगारावर यामुळे कर बसत नाही. पण इथे भाडी आणि व्याज मिळून तेवढं उत्पन्न असेल तर गाफील राहू नका.

मुलगा दुबईला चाललाय. इथूनच तिथलं खातं काढून ठेवता येईल का?

नेहमीचं पगार-खातं नाही. तिथल्या बँका एमिरेट्स आयडी मागतात, आणि तो निवासी व्हिसा झाल्यावरच मिळतो. पहिले काही आठवडे खात्याविनाच जातात, म्हणून थोडी रक्कम प्रवासी कार्डावर आणि थोडी रोख जवळ असू द्या. पगार कमी असेल तर काही कंपन्या खात्याऐवजी पगार-कार्ड देतात. ते चालतं, कारण २००९ पासून तिथे पगार सरकारी देखरेखीखालच्या पद्धतीनेच द्यावा लागतो आणि त्याची नोंद राहते. मालक म्हणाला 'रोखीने देतो', तर ती नोंद राहत नाही. उद्या पगार थकला तर दाखवायला काहीच हातात नसतं.

व्हिसाशिवायही काही बँका 'अनिवासी बचत खातं' देतात. पण त्याला चेकबुक नसतं, किमान शिल्लक मोठी लागते आणि पैसा आला कुठून हे सविस्तर विचारतात. नोकरीवर जाणाऱ्या मुलाने त्याच्या मागे लागू नये.

जर्मनीला शिकायला जाताना 'ब्लॉक्ड अकाउंट' मागतात. ते काय आहे?

वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे तुमच्याकडे आहेत हे दाखवण्यासाठी काढायचं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात, आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो काढता येतात. हे खातं इथूनच ऑनलाइन निघतं. रोजच्या वापराचं खातं मात्र तिथे पोहोचून, राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद केल्यावर काढतात.

पैसे पाठवताना बँकेच्या फॉर्मवर हेतू 'शिक्षण' असाच लिहून घ्या. नुसतं 'परदेशी खात्यात ठेव' लिहिलं तर टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा, दर वेगळा लागतो. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर त्या रकमेवर टीसीएस लागत नाही.

कागदपत्रं कुठली लागतात? आमच्याकडच्या कागदांना परदेशी बँका अडवतात असं ऐकलंय.

यावर जरा सविस्तर बोलतो, कारण आपली माणसं इथेच अडखळतात.

पहिली अडचण गावाच्या नावाची. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरी 'बेळगावी' आलं. पासपोर्ट त्याआधीचा असेल तर त्यावर जुनं इंग्रजी स्पेलिंग, आधारवर नवं, बँकेच्या स्टेटमेंटवर कधी हे तर कधी ते. आपल्याला दोन्ही एकच. लंडनमध्ये बसून कागद तपासणाऱ्याला मात्र ती दोन वेगळी शहरं वाटतात. या नावावरून आपल्या लोकांच्या मनात काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे, माझ्याही मनात तेच आहे. पण अर्ज भरताना पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. माझ्या माहितीतल्या खानापूरच्या एका मुलाचा अर्ज केवळ एवढ्यामुळे अडला होता. शेवटी त्याने आपल्या बँकेकडून इंग्रजीत एक पत्र घेतलं, 'ही दोन्ही नावं एकाच शहराची असून खातेदार तोच आहे', आणि मग काम झालं. हे पत्र निघण्याआधीच घेऊन ठेवा.

दुसरी अडचण भाषेची. पत्त्याचा पुरावा म्हणून आपण हेस्कॉमचं वीजबिल पुढे करतो, पण ते कन्नडमध्ये. घरपट्टीची पावती कन्नडमध्ये, पहाणी कन्नडमध्ये. परदेशी बँकेला इंग्रजी लागतं. भाषांतर करून नोटरीचा शिक्का घेता येतो, पण सोपी वाट म्हणजे गेल्या तीन महिन्यांतलं बँकेचं इंग्रजी स्टेटमेंट. त्यावर पूर्ण पत्ता छापून येतो की नाही तेवढं बघा. खेड्यातल्या पत्त्याला घर नंबर नसतो, 'मारुती गल्ली, मु. पो. अमुक' एवढंच असतं. ते चालतं, फक्त सगळीकडे एकसारखं हवं.

तिसरी अडचण नावाची. आधारवरचं नाव कन्नडमधून इंग्रजीत आलेलं, शाळेचा दाखला मराठीतून इंग्रजीत. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे आडनाव आधी. पॅन, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवर नाव अक्षरश: सारखं नसेल तर आधी ते दुरुस्त करा. परदेशातून ही दुरुस्ती करताना फार त्रास होतो.

टपालाने अर्ज करणार असाल तर पासपोर्टची प्रत साक्षांकित लागते. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख आणि संपर्क स्पष्ट अक्षरांत हवा. गोल शिक्क्यात पुसट सही असली की कागद परत येतात.

आमचं लग्न चंदगडला लागलं. जोड खात्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला कुठून प्रमाणित करायचा?

सीमेपलीकडे सोयरीक असलेल्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. दाखला ज्या राज्याने दिला, त्या राज्याकडूनच तो आधी प्रमाणित होतो. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरचा दाखला असेल तर महाराष्ट्राकडून, बेळगाव-खानापूरचा असेल तर कर्नाटकाकडून. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आणि बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पदव्यांचंही तसंच. एकाच घरातल्या नवऱ्याचे कागद बेंगळुरूला आणि बायकोचे मुंबईला जातात. त्यासाठी महिनाभर हाताशी ठेवा. भारत अपोस्टिलच्या करारात २००५ पासून आहे. अमिरातीसाठी मात्र त्यांच्या दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो.

इथलं जुनं बचत खातं तसंच चालू ठेवलं तर?

चालत नाही. अनिवासी झाल्यावर ते एनआरओ करून घ्यायचं असतं. 'कोण बघतंय' म्हणून पुष्कळ जण तसंच ठेवतात, आणि पुढे घर विकताना किंवा पैसे बाहेर नेताना ते आडवं येतं.

फरक थोडक्यात असा. एनआरई खात्यात फक्त बाहेरची कमाई येते, ते रुपयांत असतं, व्याजावर भारतात कर नाही आणि पैसे हवे तेव्हा परत बाहेर नेता येतात. एनआरओमध्ये इथलं भाडं, पेन्शन, उसाचं बिल असं इथलं उत्पन्न जमा होतं. त्याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर अधिभार-उपकर कापतात, आणि कर भरून झाल्यावर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतं. एफसीएनआर म्हणजे डॉलर-पौंडातच ठेवलेली १ ते ५ वर्षांची मुदत ठेव. रुपया घसरला तरी तिची किंमत टिकते. वडिलांनी गावातून रोख नेऊन मुलाच्या एनआरईमध्ये भरायची, हे नियमात बसत नाही.

पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त व्याज देते. दुबईचा पैसा तिथे ठेवू का?

ठेवू नका. आपल्या भागात पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांचं जाळं मोठं आहे, चेअरमन ओळखीचे असतात, आणि त्यांच्या शब्दावर लाखो रुपये ठेवले जातात. पण पतसंस्थेला एनआरई खातं काढण्याचा अधिकार नाही. शिवाय बँकेतल्या ठेवीला माणशी ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे, ते पतसंस्थेच्या ठेवीला नाही. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटीवर 'बँक' हा शब्द आहे का ते आधी बघा. वाळवंटात उन्हातान्हात राबून मिळवलेला पैसा बुडालेला मी जवळून पाहिलाय. म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

मी इथेच राहतो. मलाही परदेशात खातं काढता येईल का?

येईल. रिझर्व्ह बँकेची 'एलआरएस' नावाची योजना आहे. २००४ साली ती २५ हजार डॉलरवर सुरू झाली. आता प्रत्येक व्यक्तीला, अगदी अल्पवयीन मुलालाही, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. पॅन लागतं, ए-टू फॉर्म भरावा लागतो, आणि ज्या बँकेतून पाठवायचे तिथे तुमचं खातं साधारण वर्षभर जुनं असावं लागतं.

काही गोष्टी आधी समजून घ्या. चौघांची मर्यादा एकत्र करून एकाच्या नावावर खातं काढता येत नाही, चौघांचीही नावं खात्यावर हवीत. वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. १५ लाख पाठवलेत तर वरच्या ५ लाखांवर १ लाख. हा जादा कर नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर रक्कम अडकून पडते. आणि पाठवलेले पैसे नुसते पडून ठेवायचे नाहीत. गुंतवले नाहीत किंवा वापरले नाहीत तर १८० दिवसांत परत आणावे लागतात.

गुजरातमध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतल्या बँकांमध्येही डॉलरचं खातं काढता येतं. देश आपलाच, पण परकीय चलनाच्या कायद्यासाठी ती जागा परदेशासारखी धरतात. जुलै २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथे एलआरएसखाली पैसे पाठवायची वाट आणखी मोकळी केली. डॉलरमध्ये थोडी बचत ठेवायची असेल तर परक्या बेटावर जाण्यापेक्षा हे आधी बघावं, असं मी सुचवीन.

जर्सी, सिंगापूर, स्वित्झर्लंड. तिथे पैसा जास्त सुरक्षित असतो ना?

जेवढं संरक्षण कागदावर आहे तेवढाच. बँक बुडाली तर जर्सीत माणशी ५० हजार पौंड, सिंगापुरात एप्रिल २०२४ पासून १ लाख सिंगापूर डॉलर, स्वित्झर्लंडमध्ये १ लाख फ्रँक, युरोपीय संघात १ लाख युरो आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२५ पासून १ लाख २० हजार पौंडांपर्यंत परत मिळतात. तुमची रक्कम त्याच्या आत आहे का, एवढंच पाहायचं. या ठिकाणच्या बँका किमान शिल्लक मोठी मागतात, दरमहा शुल्क घेतात, आणि पैशाचा उगम कागदोपत्री दाखवावा लागतो. तीन देशांत फिरणाऱ्या नोकरीवाल्याला किंवा जहाजावरच्या अधिकाऱ्याला अशा खात्याचा खरा उपयोग होतो. एका जागी राहून पगार गावी पाठवणाऱ्याला फक्त खर्च.

जहाजावरच्यांसाठी इथेच सांगतो. परदेशी जहाजावर काम करणाऱ्या अनिवासी खलाशाचा पगार एनआरई खात्यात आला म्हणून त्यावर भारतात कर लागत नाही, असं प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. पण अनिवासी ठरण्याइतके दिवस भरले पाहिजेत. सीडीसीमधल्या (खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या) चढल्या-उतरल्याच्या नोंदी त्यासाठी जपून ठेवा.

तिथलं खातं इथल्या इन्कम टॅक्सला कसं कळणार?

आपोआप कळतं. शंभरहून अधिक देश एकमेकांना खातेदारांची माहिती दरवर्षी पाठवतात. नाव, जन्मतारीख, कर क्रमांक, शिल्लक, व्याज, सगळं. भारत यात २०१७ पासून आहे. अमेरिकेशी २०१५ मध्ये वेगळा करार झालाय. ज्या स्वित्झर्लंडने १९३४ च्या कायद्याने बँकेची गुप्तता जपली, त्यानेही सप्टेंबर २०१९ मध्ये भारताला पहिली यादी दिली. खातं काढताना 'तुम्ही कोणत्या देशाचे करदाते' असा फॉर्म भरून घेतात तो याचसाठी. तो खरा भरा.

मग रिटर्नमध्ये काय दाखवायचं?

अनिवासी असाल तर परदेशी खात्यांचा तक्ता भरावा लागत नाही. पूर्ण निवासी असाल, तर खात्यात एक डॉलर असला तरी भरायचा, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी रिटर्न भरायचंच. साधा आयटीआर-१ चालत नाही. त्या तक्त्यातली माहिती जानेवारी ते डिसेंबर या कालावधीची असते, आपल्या एप्रिल-मार्चची नाही. चांगले चांगले इथे चुकतात.

नाही दाखवलं तर २०१५ चा काळा पैसा कायदा लागतो. लपवलेल्या मालमत्तेवर ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड, म्हणजे मूळ रकमेपेक्षा जास्तच. नुसती माहिती दिली नाही तरी १० लाखांचा दंड. जमिनी-घरं सोडून परदेशातली एकूण मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हा १० लाखांचा दंड लावत नाहीत. जाणूनबुजून कर चुकवल्यास ३ ते १० वर्षांची कैद आहे. ही कलमं बड्या लोकांसाठी आहेत असं समजू नका. परत आलेला, जुनं खातं विसरलेला साधा इंजिनिअरही त्यात सापडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर खात्याने परदेशातली खाती रिटर्नमध्ये दाखवा, असे संदेश मोहीम काढून पाठवले होते. तुम्हाला तसा संदेश आला असेल तर दुर्लक्ष न करता त्याच आठवड्यात सीएकडे जा.

हुंडीने पैसे पाठवले तर भाव चांगला मिळतो, आणि घरपोच येतात.

हे बेकायदा आहे. फेमात गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. त्या पैशाला कागद नसतो. मग त्याच पैशातून घर बांधलं की 'पैसा कुठून आणला' याला उत्तर उरत नाही. तिकडच्या परवानाधारक एक्स्चेंज हाउसमधून एनआरईमध्ये पाठवा आणि पावती फोटो काढून ठेवा. भावातला फरक आता फारसा राहिलेला नाही.

एका ओळखीच्याने मुलाला सांगितलं, 'तुझं लंडनचं खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो.'

तात्काळ नाही म्हणायला सांगा, आणि तसले संदेश आले असतील तर बँकेला कळवायला सांगा. चोरीचा पैसा फिरवण्यासाठी विद्यार्थ्यांची खाती अशीच घेतात. ब्रिटनमध्ये त्याला १४ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, खातं बंद होतं आणि पुढे दुसरी बँकही दारात उभी करत नाही. नवी जागा, तंगीचे दिवस, आपल्याच भागातला माणूस मराठीतून गोड बोलतोय, त्यात पोरं फसतात. त्यांना निघण्याआधी घरी बसवून हे एकदा सांगा.

एजंट म्हणतो, न जाता परदेशी कंपनी आणि खातं दोन्ही काढून देतो.

कंपनी निघेलही. बँक खातं द्यायचं की नाही हे फक्त बँक ठरवते, एजंट नाही. 'शंभर टक्के हमी' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका, मूळ पासपोर्ट आणि ओटीपी तर मुळीच नाही. आणि ती कंपनी तुम्ही बेळगावात बसून चालवत असाल तर तिचा नफा इथेच करपात्र ठरू शकतो, हे तो सांगत नाही.

बाहेरच्या पैशातून गावाकडे रान घ्यायचंय.

अनिवासी असताना शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यांवरची बंदी उठवली, म्हणून आता आपल्यालाही चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ती राज्याच्या जमीन सुधारणा कायद्यातली दुरुस्ती, फेमाची बंदी तशीच आहे. वारसाने आलेलं रान ठेवता येतं, त्याचं उत्पन्न एनआरओमध्ये घ्या. बेळगावात फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉट खुशाल घ्या.

आजोबा गोव्यात जन्मलेले. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर खात्यांचं काय?

खानापूरकडच्या बऱ्याच घरांना हा प्रश्न आहे, कारण १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना तो मार्ग आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय (परकं नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड) झाल्यावर एनआरई-एनआरओ खाती ठेवता येतात, पण बँकेला नवा पासपोर्ट देऊन नोंद बदलून घ्या. जुन्या पासपोर्टवर खाती चालवत राहणं फार महागात पडतं.

खातेदाराला तिकडे काही झालं तर घरच्यांना पैसे कसे मिळतात?

हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही. जे विचारतात त्यांच्या घरी दु:ख होऊन गेलेलं असतं.

आपल्याकडे नॉमिनीचं नाव असलं की काम सुकर होतं. परदेशात तसं नसतं. ब्रिटनमध्ये बँक खात्याला साधारणपणे नॉमिनी नसतो, ठरावीक रकमेच्या वर न्यायालयाचा प्रोबेट, म्हणजे मृताची मालमत्ता हाताळायची परवानगी, लागतो. अमिरातीत मृत्यूची खबर मिळाली की खातं गोठवतात, जोड खातंसुद्धा, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पैसे सुटत नाहीत. घरच्यांना इथून वंशवृक्ष, वारसा दाखला, न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र काढून, भाषांतर करून, मंत्रालय आणि दूतावासाचे शिक्के घ्यावे लागतात. शोक बाजूला ठेवून म्हातारे आई-वडील तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवताना पाहिले की जीव तुटतो.

म्हणून तीन गोष्टी करा. तिकडच्या खात्यात दोन-तीन महिन्यांच्या खर्चापुरतंच ठेवा, बाकी एनआरईमध्ये पाठवत राहा आणि तिथे नॉमिनी लावा. तिथल्या कायद्यात बसणारं मृत्युपत्र करा. दुबईच्या डीआयएफसी या आर्थिक केंद्रात बिगरमुस्लिमांसाठी २०१५ पासून इंग्रजीतून मृत्युपत्र नोंदवायची सोय आहे. आणि बँकेचं नाव, शाखा, खातं क्रमांक, कंपनीचा पत्ता, विमा असेल तर त्याचा क्रमांक एका वहीत लिहून घरी ठेवा. पासवर्ड नको.

आता कायमचा परत येतोय. तिकडचं खातं बंदच करावं लागतं का?

नाही. अनिवासी असताना कमावलेला परदेशातला पैसा, शेअर, घर तुम्ही परत आल्यावरही बाळगू शकता, फेमात तशी मुभा आहे. इथे मात्र बँकेला कळवून एनआरई खातं साधं करायचं किंवा 'आरएफसी' खात्यात वळवायचं. आरएफसीत पैसे परकीय चलनातच राहतात.

करापुरतं बघायचं तर, आधीच्या १० वर्षांतली ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल, तर परतल्यावर साधारण दोन वर्षं 'निवासी पण सामान्यत: निवासी नाही' असा दर्जा मिळतो. त्या काळात तिकडच्या व्याजावर इथे कर नाही आणि परदेशी खात्यांचा तक्ताही नाही. ही मुदत कोणत्या मार्चला संपते ते सीएकडून लिहून घ्या, कारण त्यानंतरच्या पहिल्या रिटर्नपासून सगळं दाखवायचं असतं.

अमिरातीतून निघताना क्रेडिट कार्ड आणि कर्ज आधी मिटवा, नाहीतर हिशोबाचा शेवटचा पगार खात्यात येताच बँक अडवून धरते. मिटवल्याचं पत्र आणि खातं बंद झाल्याचं पत्र, दोन्ही बँकेच्या शिक्क्यासह हातात घेऊनच विमानात बसा. इथे आल्यावर ते ईमेलने मिळवायला महिने लागतात, कारण तिकडचा मोबाइल नंबर तोवर बंद पडलेला असतो आणि ओटीपी त्याच नंबरवर जात असतो.